दुसरी कळ

ट्रॉनहाइम, नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
नदीकाठचं जुनं गोदाम, वरच्या मजल्यावर
आमचे चार संगणक
आणि कॉफीचं एक यंत्र, जे फक्त आइलिफचं ऐकतं.

काम एवढंच : माउसच्या उजव्या कळीत काय ठेवायचं.
डावीचं ठरलेलं होतं. हे घे, हे उघड, इथे जा.
उजवी नुसतीच बसून असायची,
चार दिवसांसाठी आलेली आणि
परत न गेलेली लांबची आत्या जशी.
आइलिफ म्हणाला, टाक तिथे सगळं.
टाकलं मी.
नक्कल, शेरा, नाव बदला, हलवा, पुसून टाका,
सतरा ओळींची यादी, वर कुठे मागमूस नाही.
पडदा इतका स्वच्छ झाला
की दोन दिवस आम्ही त्याच्याकडे बघतच बसलो.

गुरुवारी बोर्गहिल्ड आउने आल्या.
बूट दाराशी काढले. पायांत लोकरीचे मोजे.
दप्तरखान्यात एकोणतीस वर्षं,
बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या सांभाळत.
बसल्या, माउस उचलला
आणि डावीकडे ठेवला.

आम्ही कळांची अदलाबदल केली.
आता त्यांची डावी उजवी आणि उजवी डावी,
आणि माझी मार्गदर्शिका पान तीनपासून
खोटं बोलू लागली.

एका आडनावातलं एक अक्षर दुरुस्त करायचं होतं.
पाऊण तास शोधत होत्या.
मदत करायची नाही हा नियम माझाच,
म्हणून दात ओठ खात, गप्प.
एकदाही त्यांनी दुसरी कळ दाबली नाही.
शेवटी विचारलं, का?
"तिथे काहीतरी असेल असं वाटलं.
पण कुणाच्या घरातलं न दाखवलेलं कपाट
मी उघडत नाही."

मग दाखवलं.
दाबताक्षणी यादी उघडते, सोडलं की निवडते,
एकाच झटक्यात काम!
या झटक्याचा आइलिफला फार अभिमान.
त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी दुसरीच एक कळ होती,
जुनी, थंडीत उठणारी,
तिची नोंद आमच्याकडे नव्हती.
हात कापला. बाण दोन ठिपके घसरला.
बोट सुटलं,
आणि अठराशे चौऱ्याहत्तरची एक मुलगी,
कारेन, नावाड्याची,
पडद्यावरून गेली.

"पुसून टाका" सगळ्यात वर कुणी ठेवलं होतं?
मी.
का? आठवत नाही.

बाई ओरडल्या नाहीत.
"आठ दिवसांची होऊन गेली ही," म्हणाल्या,
"एकदा पुरून झाली आहे. पुन्हा नको."

परत आणली. तेवढी सोय होती, नशिबाने.
पण त्या रात्री मी घरी गेले नाही.
आता यादी उघडते कळ सोडल्यावर,
बाणापासून चार ठिपके अंतर राखून.
पुसून टाका तळाशी, त्याच्या डोक्यावर एक रेघ.
जे आत्ता चालत नाही ते गायब करायचं नाही,
फिकट करून जागच्या जागी ठेवायचं,
म्हणजे माणसाला कळतं की ते आहे,
चूक आपल्या डोळ्यांची नाही.
आणि उजवीत जे जे आहे
ते वरही असलंच पाहिजे, उघड्यावर.

आइलिफ चिडला. मग उजवी हवी कशाला?
म्हटलं, जवळची वाट म्हणून.
वाट जवळची असावी, एकुलती एक नसावी.
तो यंत्राकडे गेला. त्या दिवशी
त्याचंही त्याने ऐकलं नाही.

मार्गदर्शिकेतलं "उजवी" मी खोडत गेले,
"दुसरी" लिहीत गेले, एकशे बारा ठिकाणी.
डावं-उजवं करायचं नाही, एवढंच डोक्यात.
तरी एक जागा सुटली. पान एकसष्ट.
छापून झाल्यावर पत्र आलं,
अक्षर मागे रेललेलं, शाई तळहाताने फासलेली :
पान एकसष्ट बघा.
आणि खाली, वेगळ्या दिवशी लिहिलेलं असावं,
कारेन आहे. आज तपासली.